होमस्टेड की लडलो: नेत्याच्या जबाबदारीचा अभ्यास कोठून सुरू करावा?

अमेरिकेतील कामगार चळवळीच्या रक्तरंजित संघर्षांपैकी एकच निवडून, संघटनेच्या नेत्याची जबाबदारी हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून त्याचा सखोल अभ्यास करायचा, असे ज्याने ठरवले आहे त्याच्यापुढे बहुधा दोन नावे येतात: पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड (१८९२) आणि कोलोरॅडोतील लडलो (१९१४). दोन्ही ठिकाणी पहिली गोळी कोणी झाडली यावरचा वाद मिटलेला नाही आणि दोन्ही ठिकाणी शेवटी संघटनाच हरली. नेत्यांच्या वाट्याला जे आले ते मात्र वेगळे होते.

होमस्टेडचा लढा कुशल पोलाद कामगारांच्या संघटनेचा होता. कार्नेगी कंपनीच्या त्या कारखान्यातील सुमारे ३,८०० कामगारांपैकी जेमतेम ८०० तिचे सभासद होते, तरीही व्यवस्थापक हेन्री क्ले फ्रिक यांनी टाळेबंदी केली तेव्हा उरलेले कामगारही त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि ह्यू ओडोनेल यांच्या नेतृत्वाखालील सल्लागार समितीच्या हाती सारे गाव आले. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर व सुरक्षा एजन्सीचे सुमारे ३०० सशस्त्र लोक मोनोंगहीला नदीतून बार्जमधून आले आणि दिवसभर चाललेल्या गोळीबारात दोन्हीकडचे मिळून किमान १० जण ठार झाले. ओडोनेल यांनी गोळीबार थांबवून पिंकर्टनांची शरणागती घडवून आणली, परंतु शरण आलेल्यांना गावातून नेताना संतापलेल्या जमावाने त्यांना बेदम मारहाण केली आणि ती ओडोनेल यांना रोखता आली नाही. नेत्याच्या शब्दाची ताकद कोठपर्यंत पोहोचते आणि कोठे संपते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. पुढे ओडोनेल यांच्यावर खुनाचा खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. फ्रिक यांच्यावर २३ जुलैला हल्ला करणारे अलेक्झांडर बर्कमन हे अराज्यवादी होते, संघटनेशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. तरीही त्या कृत्याचा डाग संपावर पडला, हेही अभ्यासकाने लक्षात ठेवावे.

लडलोमध्ये जमावाचे राज्य नव्हते. सप्टेंबर १९१३ मध्ये संप सुरू होताच कोळसा खाणकामगारांना खाण कंपन्यांच्या घरांतून बाहेर काढण्यात आले आणि युनायटेड माइन वर्कर्स या संघटनेने उभारलेल्या तंबूवसाहतीत सुमारे १,२०० माणसे हिवाळाभर राहिली. त्यांत ग्रीक, इटालियन, स्लाव्ह, मेक्सिकन असे अनेक भाषा बोलणारे लोक होते. क्रीट बेटावरून आलेले लुई टिकास हे वसाहतीचे प्रमुख. २० एप्रिल १९१४ च्या सकाळी ते नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या सैन्यदलाच्या, अधिकाऱ्याला भेटायला रेल्वे स्थानकावर गेले होते. त्यानंतर गोळीबार सुरू झाला आणि संध्याकाळी तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या २ स्त्रिया आणि ११ मुले गुदमरून मेली. टिकास पकडले गेले, गार्डचे लेफ्टनंट कार्ल लिंडरफेल्ट यांनी त्यांच्या डोक्यात बंदूक घातली आणि नंतर पाठीत गोळ्या लागलेला त्यांचा मृतदेह सापडला. लष्करी न्यायालयाने लिंडरफेल्ट यांना जवळजवळ काहीच शिक्षा केली नाही. याउलट, १९१३ च्या एका चकमकीत मेलेल्या डेप्युटीच्या (शेरीफच्या हाताखालील सशस्त्र माणसाच्या) खुनाबद्दल संघटनेचे नेते जॉन लॉसन यांना १९१५ मध्ये जन्मठेप झाली. गोळी त्यांनी झाडली म्हणून नव्हे, तर ते संपाचे नेते होते म्हणून. ती शिक्षा कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केली.

म्हणून जमावावरील नेत्याचा ताबा हा ज्याचा प्रश्न आहे त्याने होमस्टेड घ्यावे, आणि कायदा नेत्याकडे कसा पाहतो हा ज्याचा प्रश्न आहे त्याने लडलो. माझा स्वतःचा कल लडलोकडे आहे. वाटाघाटीसाठी गेलेला माणूस मारला जातो, चळवळ चालवणारा खुनी ठरतो आणि शस्त्रधारी अधिकारी मोकळा राहतो, हे तिन्ही एकाच संपात घडलेले पाहिल्यावर जबाबदारी या शब्दाचा अर्थ प्रत्येक निकालाशी ताडून पाहावाच लागतो. साधनांच्या दृष्टीनेही ही निवड सोयीची आहे: होमस्टेडनंतर अमेरिकेच्या काँग्रेसच्या (संसदेच्या) समित्यांनी साक्षी घेतल्या, परंतु लडलोनंतर सरकारी औद्योगिक संबंध आयोगापुढे, तेथील प्रमुख खाण कंपनी ज्यांच्या कुटुंबाच्या ताब्यात होती त्या जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्यासह दोन्ही बाजूंनी दिलेल्या साक्षी त्याहून कितीतरी विस्तृत आहेत. सुरुवात लॉसन खटल्यापासून करावी आणि २० एप्रिलकडे त्यानंतर वळावे.