२०१६ची फॉर्च्युनर, लेजेंडरचं तोंड : किट बसवून घेतल्यावरचं माझं मत

माझ्या जुन्या टोयोटा फॉर्च्युनरला नव्या लेजेंडरसारखं तोंड देणारं किट बसवलं, त्याचा निकाल आधीच सांगतो. बंपर आणि ग्रिल चांगले, मागचा भाग ठीक, हेडलाइट नापास. किट घ्यायचं असेल तर हेडलाइटशिवाय घ्या, आणि लाइट कंपनीचे ओरिजिनल घ्या. ते परवडत नसतील तर जुनं तोंडच बरं.

आता सविस्तर. माझी नोकरी मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला झाली. निवृत्त झालो तरी फीलर गेज (फटी मोजायच्या पातळ पात्या) खिशातून सुटत नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू जरा फटी मोजणारा आहे. 'लुक एकदम किलर' वगैरे वाचायचं असेल तर बाकीच्यांनी ते भरपूर लिहिलं आहे.

गाडी दुसऱ्या पिढीची फॉर्च्युनर, म्हणजे २०१५ला जगासमोर आली ती. २०२०मध्ये टोयोटाने तिचा फेसलिफ्ट, म्हणजे त्याच गाडीचा नवा चेहरा, आणला आणि त्याच वेळी लेजेंडर हा वेगळ्या तोंडाचा प्रकारही आणला. डोळे बारीक, ग्रिल सडपातळ, खाली मोठा काळा जबडा. माझ्या मुलीला ते तोंड आवडतं, मला माझी गाडी आवडते. इंजिन धडधाकट, सर्व्हिस वेळेवर, आणि पुढच्या बंपरला असंही एका कोपऱ्यात तडा गेला होताच. बंपर बदलायचाच आहे तर नव्या चेहऱ्याचा का नको, असा विचार करून किट मागवलं.

किटमध्ये पुढचा बंपर, ग्रिल, हेडलाइटची जोडी, डीआरएल (दिवसाही पेटणारे दिवे), मागचा बंपर आणि टेललाइट. बॉनेट, फेंडर, दरवाजे सगळं आपलं जुनंच. या गाडीचं रूपांतर त्यामुळेच सोपं पडतं. लँड क्रूझर २००ला २०१५च्या फेसलिफ्टचं तोंड लावायचं असेल तर बॉनेट आणि फेंडरसुद्धा बदलावे लागतात, कारण तिथे टोयोटाने पुढचा पत्राच नवा केला होता. तो खर्च आणि तो व्याप वेगळा. तिथे नाकापेक्षा मोती जड व्हायला वेळ लागत नाही.

बंपर खोक्यातून काढल्यावर आधी पालथा घातला. पाठीवर पीपीचा शिक्का आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे चांगलं लक्षण. स्वस्त किटमध्ये फायबरचे बंपर येतात. ते जड असतात, कडा घासून घासून बसवावे लागतात आणि छोट्या धक्क्यालाही तडकतात. पीपी वाकतं आणि परत येतं. पण त्याची एक खोड आहे : त्याच्यावर रंग धरत नाही. त्यासाठी आधी अ‍ॅढिजन प्रमोटर, म्हणजे रंग चिकटवून धरणारा थर, मारावा लागतो. बंपर काळ्या प्रायमरमध्ये आला होता आणि विकणाऱ्याने 'डायरेक्ट पेंट करा' असं लिहिलं होतं. मी आतल्या दुमडीवर, जिथे दिसणार नाही तिथे, नखाने ओरखडा काढला. प्रायमर सोललेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघून आला. तेव्हा पेंटरला सांगून तो सगळा उतरवला, साच्याचं तेल निघेपर्यंत बंपर धुतला, स्कॉचब्राइटच्या खरखरीत पॅडने घासला, प्रमोटर मारला, मग पुढचं काम. पेंटर कुरकुरला. हा टप्पा गाळलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. प्रेशरने धुतल्या की बंपरवरून रंगाचे पट्टे उडतात.

रंगाबद्दल थोडं लांबण लावतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. माझा रंग टोयोटाचा ०७०, पर्ल व्हाइट. हा तीन थरांचा रंग आहे : खाली पांढरा बेस, मध्ये मोत्यासारखी चमक देणारा पर्ल, वर पारदर्शक क्लिअर. मधल्या पर्लचे हात किती बसले यावर शेड बदलते, आणि कोड बरोबर असला तरी मॅच चुकतो तो नेमका इथे. त्यात माझी गाडी इतकी वर्षं उन्हात उभी, तिचा क्लिअर किंचित पिवळटलेला. मी पेंटरला म्हटलं, आधी पट्टी कर. एकाच पट्टीवर बेस मारायचा, मग कागद लावून एका भागाला पर्लचा एक हात, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, आणि सगळ्यावर क्लिअर. वाळल्यावर ती पट्टी बाहेर उजेडात फेंडरला टेकवून बघायची, बूथच्या ट्यूबलाइटखाली नाही.

"काका, प्लास्टिक आणि पत्रा, उन्नीस-बीस राहणारच," तो म्हणाला.

"उन्नीस-बीस चालेल. सतरा नको."

दोन हातांचा भाग समोरून बघितला तर अगदी जुळत होता आणि कडेने बघितला तर जरा निळसर वाटत होता. तीन हातांचा दोन्हीकडून जुळला. तोच घेतला. आज तिरक्या उन्हात बंपर आणि फेंडर शेजारी बघितले तर मला फरक दिसतो, इतर कुणाला दिसत नाही. मेटॅलिक किंवा पर्ल रंगाची गाडी असेल तर या पट्टीचा हट्ट धरा. साधा पांढरा किंवा काळा असेल तर एवढा घोळ नाही.

फिटिंग. डावीकडे बंपर आणि फेंडरमधली फट ०.८ मिलिमीटर, उजवीकडे २.३. कारण बंपरच्या बाजूच्या ब्रॅकेटची भोकं उजव्या बाजूला सरकलेली होती. फिटरने लगेच ड्रिल उचललं आणि फेंडरमधून आरपार स्क्रू मारतो म्हणाला. पत्र्याला भोक पाडलं की गंजाला दार उघडून दिलं, तेव्हा त्याला थांबवलं. ब्रॅकेटचंच भोक कानशीने लांबट केलं, बंपर फेंडरकडे सरकवून क्लिपा परत बसवल्या, उजवी फट १.२वर आली. कंपनीच्या बंपरला हे करावं लागत नाही, पण किटच्या मानाने हे चांगलंच म्हणायला हवं. ग्रिल न कुरकुरता बसली. बॉनेटच्या कडेशी तिची रेघ सरळ आहे.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. बंपर म्हणजे नुसती कातडी. धक्का खातं ते आतलं आडवं लोखंड आणि त्याच्यासमोरचा फोम. डीआरएलची वायर फोमला अडत होती, तर फिटर फोमचा कोपरा कापायला निघाला. अजिबात कापू देऊ नका. वायर खालून फिरवली, काम झालं. किट लावणाऱ्या बऱ्याच ठिकाणी हा फोम निम्मा कापलेला असतो, आणि बंपर चढला की ते मालकाला कधी कळतच नाही. बंपर चढवायच्या आधी स्वतः वाकून बघा.

आता हेडलाइट. दिसायला झकास. चार डोळे, खाली उतरणारी डीआरएलची पांढरी रेघ, धावत जाणारा इंडिकेटर. मुलगी पहिल्याच संध्याकाळी व्हिडिओ काढून मोकळी झाली. मी गाडी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर उभी केली. लो बीमची वरची रेघ भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे एक टक्का उतार. स्क्रूने ती तिथे आणता आली. पण रेघ धारदार नाही, विस्कटलेली आहे, आणि रेघेच्या वरही बराच प्रकाश सांडतो. तो प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. उलट रस्त्यावर, जिथे तो हवा, तिथे माझ्या जुन्या एलईडी प्रोजेक्टरपेक्षा कमी पडतो. चार डोळ्यांपैकी लो बीमला खरे दोनच पेटतात, बाकीचे शोभेचे.

मग काचेवरचे शिक्के भिंगाखाली बघितले. प्रमाणित लाइटवर गोलात इंग्रजी ई आणि शेजारी मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा असतो. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. शिवाय मान्यता क्रमांक. या काचेवर गोल आहे, ई आहे, आकडाच नाही. कुणीतरी नक्षी म्हणून छापलेला ई! याच ठिकाणी आणखी एक खूण बघायची असते. डावीकडून वाहतूक चालते त्या देशांसाठीच्या लाइटवर बाण असतो, समोरून बघणाऱ्याच्या उजव्या हाताकडे टोक असलेला. दोन्हीकडे चालणाऱ्या लाइटवर दुतोंडी बाण, आणि उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीच्या लाइटवर बाणच नसतो. चुकीच्या बाजूचा लाइट आला तर झोताचा वर चढणारा कोपरा कडेच्या पाट्यांवर पडायचा सोडून थेट समोरच्या गाडीत शिरतो. किट कुठल्या बाजारासाठी बनलंय हे विकणारा सांगेलच असं नाही, काच मात्र सांगते. माझी काच तेही सांगत नव्हती.

आणखी एक. जुन्या लाइटमध्ये झोत वर-खाली करणारी मोटर होती. किटच्या लाइटमध्ये मोटरची जागा आहे, मोटर नाही. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर उचलतं, आणि त्याबरोबर झोतही. भिंतीवर रिकाम्या गाडीने केलेली सगळी सेटिंग तिथे फुकट.

इंडिकेटरची तऱ्हा वेगळी. बल्बच्या जागी एलईडी आला की करंट कमी लागतो, गाडीला वाटतं बल्ब गेला, आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने फडफडतो. त्यावर उपाय म्हणून किटमध्ये ६ ओहमचे रेझिस्टर, म्हणजे बल्बइतका करंट खाणारे भाग, दिले आहेत. १४ व्होल्टला त्यातून सुमारे ३३ वॉट निव्वळ उष्णता बाहेर पडते. हॅझर्ड लावून गाडी थोडा वेळ उभी राहिली तरी तो हात लावू देत नाही. आणि सूचनापत्रातल्या चित्रात तो चक्क बंपरच्या आत, प्लास्टिकवर, डबल टेपने चिकटवलेला दाखवलाय! मी तो चेसिसच्या पत्र्याला बोल्टने बसवून घेतला. डीआरएलची वायरही थेट बॅटरीवरून न घेता, चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून घेतली, नाहीतर गाडी बंद असतानाही बॅटरी उतरत राहते.

मागच्या बाजूबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टेललाइट जुन्या खाचेत नीट बसले, सॉकेट तेच. बंपरमध्ये पार्किंग सेन्सरची भोकं जुन्यापेक्षा थोडी वर तोंड करून आहेत, त्यामुळे बुटक्या खांबाची सूचना उशिरा मिळते. सवय करून घ्यावी लागेल.

पावसात उजव्या हेडलाइटमध्ये धुकं धरलं. लाइट पेटवल्यावर थोड्या वेळात विरत असेल तर ठीक, तेवढं ओरिजिनललाही होतं. इथे तळाशी थेंब साचले होते, म्हणजे सील गळतंय. विकणाऱ्याने फोटो मागितले, मग व्हिडिओ मागितला, मग 'फिटिंगचा दोष' म्हणून हात झटकले.

शेवटी दोन्ही लाइट उतरवले आणि फेसलिफ्टचे ओरिजिनल लाइट मिळवून लावले. ते या बंपरच्या कापाशी जमवताना पुन्हा कानस चालवावी लागली, डीआरएलचं एक ब्रॅकेट नव्याने वाकवावं लागलं, आणि वायरिंगचं अडॅप्टर वेगळं आणावं लागलं. मोटर आता आहे. भिंतीवर रेघ सुरीने कापल्यासारखी पडते. बरं वाटतं.

लोक विचारतात, गाडी नवी घेतली का. मी खरं सांगतो. मॉडेल वर्ष कागदावर २०१६च आहे आणि बॉनेटखालचं २.८ लिटरचं इंजिनही तेच, १७७ पीएसचं (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप). २०२०नंतरच्या इंजिनाला २०४ आहेत, तो फरक चढावर कळतो, बंपरने झाकत नाही. विमा कंपनीला मात्र बदल आधीच लेखी कळवा. अपघातानंतर कळवलं तर तेच क्लेम नाकारायचं निमित्त होतं.

जुने हेडलाइट, बंपर, ग्रिल आणि सगळ्या क्लिपा मी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. फिटरने ते विकत मागितले होते, दिले नाहीत. किटचा बंपर फुटला तर सुटा मिळत नाही, विकणारा पूर्ण सेटच घ्यायला लावतो. अशा वेळी रस्त्यावर उतरायला जुनं तोंड हाताशी हवं.