एअर पिस्तूल की पॉइंट टू टू? इंदूरमध्ये पिस्तूल नेमबाजी सुरू करणाऱ्यासाठी तुलनात्मक आढावा

पिस्तुलाचा नेम सुधारायचा आहे, असे सांगत रेंजवर येणाऱ्यांत इंदूरमध्ये दोन प्रकारची माणसे हमखास भेटतात. काहींच्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरला दोन कांस्यपदके मिळवताना पाहिलेले असते. काहींची सांवेर किंवा देपालपूरकडे शेती असते, नीलगायी आणि रानडुकरे उभे पीक तुडवून जातात, आणि परदेशातल्या पिस्तुलाने केलेल्या शिकारीचे व्हिडिओ पाहून त्यांच्या मनात वेगळाच विचार आलेला असतो. या दुसऱ्या मंडळींचा प्रश्न आधी मिटवलेला बरा, कारण त्याचे उत्तर थोडक्यात देता येते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतात शिकारीला बंदी आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांबाबत कायद्यात जी मोकळीक आहे, ती अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने आणि त्या आदेशापुरतीच मिळते. शेतकऱ्याने आपणहून पिस्तूल उचलावे, असा तिचा अर्थ नाही. होळकरांचे शिकारगृह ज्या टेकडीवर आहे, ते रालामंडलही आज अभयारण्य आहे. जिथे पिस्तुलाने शिकार करण्याला कायद्याची मान्यता आहे, तिथेही जाणते शिकारी दोन्ही हातांनी, टेकू घेऊन आणि थोड्या अंतरावरूनच गोळी झाडतात, कारण पिस्तुलाची नळी आखूड असते आणि हातातली बारीकशी चूक जनावराला जखमी करून पळवून लावते. ही बारीक चूक नेमकी कशी होते आणि ती दुरुस्त कशी करायची, हे शिकण्याची आपल्याकडची कायदेशीर जागा म्हणजे रेंज. तिथे गेल्यावर पहिलाच निर्णय समोर येतो तो दहा मीटरच्या एअर पिस्तुलाने आरंभ करायचा की पंचवीस मीटरच्या .२२ स्पोर्ट पिस्तुलाने, ज्याला रेंजवर सगळे ‘पॉइंट टू टू’ म्हणतात.

दोन्ही प्रकारांत स्पर्धेचे पिस्तूल एकाच हाताने धरतात. दुसरा हात खिशात किंवा कमरपट्ट्यात अडकवलेला असतो. साम्य जवळजवळ इथेच संपते. एअर पिस्तूल दाबलेल्या हवेवर चालते आणि ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगाने सोडते. त्याचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम भाराचा असावा लागतो आणि पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपर्यंत चालते. .२२ मध्ये दारूचे काडतूस असते, ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा आणि पिस्तूल जास्तीत जास्त १४०० ग्रॅमचे. एअर पिस्तुलात ६० फैरी ७५ मिनिटांत, ज्याच्या त्याच्या सवडीने झाडायच्या असतात. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत पहिल्या ३० फैरी सावकाश असतात, पाच फैरींना पाच मिनिटे. पुढच्या ३० फैरींत मात्र हात ४५ अंशांत खाली ठेवून उभे राहायचे, लक्ष्य खुले झाले की तीन सेकंदांत हात वर आणून एक गोळी झाडायची, सात सेकंद थांबायचे आणि पुन्हा तेच करायचे.

आता मूळ मुद्दा, म्हणजे नेम. तो दोन तऱ्हांनी चुकतो, आणि या दोन तऱ्हांतला फरक ज्याला उमगला त्याचे पुढचे काम पुष्कळ हलके होते. खांद्यापासून हात सबंधच्या सबंध पाच मिलिमीटर डावीकडे सरकला, पण नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेली पुढची दांडी (फ्रंट साइट) आणि मागची खाच (मागची साइट) एकमेकींशी रेषेत राहिली, तर छर्राही लक्ष्यावर पाच मिलिमीटरच सरकतो. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो, त्यामुळे एवढ्या डुलण्याने फारसे बिघडत नाही. मनगट मात्र किंचित मोडले आणि फ्रंट साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर हिशेबच पालटतो. एअर पिस्तुलाच्या दोन साइट्समधले अंतर सुमारे ३२० मिलिमीटर धरले, तर ती एक मिलिमीटरची चूक दहा मीटरवर ३१ मिलिमीटर होते आणि दहाऐवजी सात गुण पडतात. .२२ मध्ये हेच अंतर नियमानुसार २२० मिलिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि लक्ष्य पंचवीस मीटरवर असते. तिथे तीच एक मिलिमीटरची चूक सुमारे ११४ मिलिमीटर होते आणि सावकाश फैरींच्या लक्ष्यावर सहा गुण मिळतात.

म्हणून नवशिका ‘हात हलतो’ अशी तक्रार घेऊन येतो, तेव्हा कोच त्याच्या हाताकडे फारसे पाहतच नाही. हात सगळ्यांचाच हलतो. कोच विचारतो की गोळी सुटताना फ्रंट साइट धारदार दिसत होती का. लक्ष्याचा काळा गोल धूसर दिसला तरी चालतो. फ्रंट साइटची वरची कड आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. नेमसुद्धा काळ्या गोलाच्या मध्यावर न धरता त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्ट्यात धरायचा असतो, म्हणजे काळ्यावर काळे मिसळून कड हरवत नाही.

हे शिकण्यासाठी दोन्हींपैकी कोणते पिस्तूल अधिक कामाचे, यावर माझे मत स्पष्ट आहे: एअर पिस्तूल. स्वस्त आहे म्हणून नव्हे, ते दुसरे कारण झाले. पहिले कारण असे की एअर पिस्तूल चूक झाकत नाही. छर्रा सावकाश जातो, नळीत अधिक वेळ राहतो, आणि तेवढ्या वेळात मनगट ढिले पडले किंवा नजर लक्ष्याकडे धावली, तर ते थेट कागदावर उमटते. धक्का जवळजवळ नसल्यामुळे ट्रिगर सुटल्यानंतर साइट कुठे गेली, हेही स्वच्छ दिसते. .२२ चा धक्का जाड गोळीच्या पिस्तुलांच्या मानाने हलका असला, तरी त्याची उसळी आणि आवाज एवढे असतात की नवख्याची फ्रंट साइट कुठे उडाली, हे त्याचे त्यालाच कळत नाही.

या झाकलेल्या चुकीचा एक खास नमुना रेंजवर वारंवार पाहायला मिळतो. उजव्या हाताच्या नवशिक्याच्या गोळ्या डावीकडे खाली जमू लागतात. तो म्हणतो, साइट बिघडली आहे, आणि पेचकस मागतो. कोच पेचकस देत नाही. त्याच्या मॅगझिनमध्ये न सांगता मधेच एक नकली काडतूस भरतो. चार गोळ्या नीट सुटतात, पाचव्या वेळी नुसता ‘टक्’ असा आवाज येतो, आणि धक्का नसतानाही पिस्तुलाचे तोंड बोटभर खाली झुकलेले सगळ्यांना दिसते. धक्का येणार या धास्तीने हात आधीच दबलेला असतो. ही खोड एकदा जडली की सुटायला महिने लागतात, आणि ज्याने आरंभच .२२ ने केला त्याला ती जडण्याचा संभव अधिक असतो. एअर पिस्तुलावर वर्षभर घालवलेल्याला धास्ती बसायला कारणच मिळालेले नसते.

सरावाच्या सोयीतही एअर पिस्तूल पुढे आहे. निम्मा सराव, कित्येकदा निम्म्याहून अधिक, छर्ऱ्याविना होतो. कोऱ्या भिंतीसमोर उभे राहावे, पिस्तूल उचलावे, ट्रिगर दाबावा आणि साइट हलली का ते पाहावे. एअर पिस्तुलात यासाठी वेगळी कळ असते. ट्रिगर खराखुरा सुटतो, हवा सुटत नाही. .२२ हे रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर ठोका बसून गोळी सुटणारे असल्यामुळे त्याचा ठोका देणारा फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटून नुकसान करू शकतो, म्हणून त्यात नकली काडतूस घालावे लागते किंवा ज्या पिस्तुलाला कोऱ्या सरावाची सोय आहे तेच घ्यावे लागते. शिवाय प्रत्यक्ष छर्रे मारायचे म्हटले, तर दहा मीटर म्हणजे सुमारे ३३ फूट. रामबागेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या लांब पडवीत एवढी जागा निघते, विजय नगरच्या फ्लॅटमध्ये बहुधा निघत नाही. उघड्या गच्चीवर हा उद्योग मुळीच करू नये. छर्रा लहान असला तरी डोळा घालवायला पुरेसा असतो, आणि लक्ष्यामागे छर्रा अडवणारी भक्कम पेटी व त्यामागे भिंत असल्याशिवाय पिस्तूल भरूच नये.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर फरक आणखी मोठा आहे. आयुध नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या बरेच आत असते. .२२ पिस्तूल मात्र पूर्ण अर्थाने अग्निशस्त्र आहे. त्याला परवाना लागतो, स्वतःच्या नावाचा परवाना सर्वसाधारणपणे वयाच्या २१ वर्षांआधी मिळत नाही, पोलिस पडताळणी होते, काडतुसांचा हिशेब ठेवावा लागतो आणि घरी कुलूपबंद पेटी असावी लागते. काही जण आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेले .३२ रिव्हॉल्व्हर घेऊन येतात आणि याच्यावरच नेम सुधारून द्या म्हणतात. आखूड नळी, जड ट्रिगर आणि महाग काडतुसे यांच्या संगतीने नेम सुधारत नाही, एवढेच त्यांना नम्रपणे सांगावे लागते.

खर्चाविषयी थोडेच. परदेशी बनावटीचे स्पर्धेचे एअर पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जाते, त्यामुळे पहिले काही महिने क्लबचे पिस्तूल वापरणे शहाणपणाचे. नंतरचा खर्च मात्र .२२ मध्ये फुगतो, कारण एका काडतुसाच्या किमतीत कितीतरी छर्रे येतात. जुने एअर पिस्तूल विकत घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख अवश्य पाहावी. त्यात २०० बारपर्यंत दाब भरला जातो, आणि उत्पादकाने दिलेली मुदत, जी बहुधा दहा वर्षांची असते, उलटलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरीही चालवू नये.

इतके सगळे एअर पिस्तुलाच्या पारड्यात पडले, तरी .२२ ची बाजू दुबळी आहे असे समजू नये. तीन सेकंदांत हात उचलून गोळी झाडण्याचे कसब एअर पिस्तुलावर येत नाही. तिथे हात वरून खाली आणून नेमाच्या जागेत स्थिर होऊ दिला जातो. इथे हात खालून वर येत असतानाच ट्रिगरवर पहिला दाब पडलेला असावा लागतो, आणि साइट जागेवर पोहोचते तेव्हा गोळी सुटायची वेळ झालेली असते. दहा मीटरवर चांगले गुण मिळवणारी माणसे पंचवीस मीटरवर पहिल्या दिवशी चक्क लक्ष्य बंद झाल्यावर गोळी झाडतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात. ज्या मुलीला हा वेग भावतो आणि एकेका गोळीसाठी मिनिटभर थांबणे जिला जाचते, तिला एअर पिस्तुलावर वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे हा अन्याय आहे.

मुलग्यांसाठी हिशेब थोडा निराळा आहे. महिलांचा २५ मीटर पिस्तूल प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. पुरुषांसाठी पंचवीस मीटरवर ऑलिंपिकमध्ये फक्त रॅपिड फायर उरले आहे, ज्यात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, मग सहा, मग चार सेकंदांत झाडाव्या लागतात. २०१२ मध्ये लंडनला विजय कुमारने रौप्यपदक मिळवले ते यातच, आणि तो घडला इंदूरपासून तासाभराच्या आत असलेल्या महूमधल्या लष्कराच्या मार्क्समनशिप युनिटमध्ये. ते युनिट लष्कराचे असल्याने सर्वसामान्यांना तिथे थेट शिरकाव नाही. नागरिकांसाठी राज्याची मोठी अकादमी भोपाळला आहे. म्हणजे इंदूरच्या मुलाने .२२ निवडले, तर सराव किती वेळा आणि कुठे होणार याचे उत्तर प्रवेश अर्जाच्या आधी शोधायला हवे. आठवड्यातून एकदा पंचवीस मीटरवर उभे राहून रॅपिड फायर येत नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यावी. फ्रंट साइट डोळ्यापासून हातभर लांब असते, आणि वाचायचा चष्मा त्याहून जवळचे तर दूरचा चष्मा त्याहून लांबचे दाखवतो. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचे अंतर मोजून न्यावे आणि नेमाच्या डोळ्यासाठी त्या अंतराचे भिंग मागून घ्यावे. या वयात आरंभ करणाऱ्यांना मी .२२ चा आग्रह धरू नका असेच सांगतो. गुडघे आणि खांदे तीन सेकंदांच्या फैरींना साथ देतात, पण डोळ्याला साइटवर स्थिरावायला वेळ लागतो, आणि एअर पिस्तूल तो देते.

ज्यांचा निश्चय पुढे .२२ कडे जाण्याचाच आहे, त्यांनी एअर पिस्तूल घेतानाच मुठीचा कोन पाहून घ्यावा. वेगवेगळ्या बनावटींच्या मुठींचा उतार वेगळा असतो, आणि वर्षभर एका कोनाला सरावलेले मनगट दुसऱ्या पिस्तुलावर फ्रंट साइट वर किंवा खाली घेऊन येते. क्लबमधले .२२ डोळे मिटून उचलावे, लक्ष्याकडे रोखावे आणि मग डोळे उघडावेत. साइट खाचेच्या मध्याजवळ दिसली तर मूठ जुळते. परवान्याचा अर्जही एअर पिस्तुलाच्या सरावाबरोबरच तयार करून ठेवावा, क्लबचे सदस्यत्व आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून लावावीत, म्हणजे हात तयार झाला आणि कागद अडकले, अशी वेळ येत नाही.