बायपासनंतर ग्राफ्ट बघायचे तर सीटी अँजिओ की स्ट्रेस थॅलियम?

काकांच्या बायपासला नऊ वर्षं झाली आणि हल्ली घरामागची पाखाडी चढताना छातीत परत भरून येतंय. घरात लगेच दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणे सीटी करा, दुसरी म्हणे थॅलियम, आणि रत्नागिरीतून घाट चढून कोल्हापूर गाठायचं की कोकणकन्येने मुंबई हा वाद वेगळाच.

मुळात दोन्ही टेस्ट वेगळं बघतात. बायपासमध्ये ब्लॉकला वळसा घालून जोडलेली रक्तवाहिनी म्हणजे ग्राफ्ट, पण आपल्याकडे ग्राफ्ट म्हणजे हापूसचं कलम, तर बागेच्याच भाषेत सांगतो, सीटी पाईप बघतं आणि थॅलियम मुळाशी पाणी पोचतंय का ते.

सीटीत हाताच्या शिरेतून डाय (नसा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून औषध) देतात, श्वास काही सेकंद धरायचा की झालं. पायातल्या शिरेचे ग्राफ्ट जाड असतात, फारसे हलत नाहीत, त्यामुळे उघडे की बंद ते छान कळतं, आणि १० वर्षांत त्यातले साधारण निम्मे बंद किंवा खूप अरुंद होतात म्हणून काळजी त्यांचीच जास्त. छातीच्या आतल्या धमनीचा ग्राफ्ट, म्हणजे लिमा, बराच टिकतो, पण त्याच्या आजूबाजूच्या मेटल क्लिपांमुळे कधीकधी फोटो खराब येतो. स्वतःच्या जुन्या नसांत कॅल्शियम साचलेलं असेल तर तिथेही सीटी गडबडतं. पल्स ६०-६५ च्या आत लागते, नाहीतर आधी गोळी देतात. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर डायचा विचार जपून. आणि हो, कोलंबीने अंगावर पित्त उठतं म्हणून डाय चालणार नाही हा आपल्याकडचा गैरसमज आहे, आधी डायचीच रिअॅक्शन आली असेल तर मात्र नक्की सांगा.

थॅलियममध्ये हृदयावर ताण (स्ट्रेस) देऊन किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून देतात आणि फोटो काढतात, त्याला अर्धा दिवस जातो. नावच तेवढं थॅलियम, आता बहुतेक ठिकाणी त्याऐवजी टेक्नेशियम देतात. गुडघे दुखतात, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवत नाही, तर औषध टोचून स्ट्रेस देतात, त्याआधी १२ ते २४ तास चहा बंद (काकांना हेच जास्त जड). किडनीला डायचा त्रास नाही, कुठल्या भागाला रक्त कमी पडतंय ते कळतं, पण कुठला ग्राफ्ट गेलाय ते नक्की कळत नाही.

टूडी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) पंपिंग दिसतं, ग्राफ्ट नाही. काहीच त्रास नसेल तर उगाच हौसेने स्कॅन नको, आणि बसल्याजागी दुखायला लागलं तर यातलं काहीच नको, सरळ हॉस्पिटल. स्टेंट लागणार असं डॉक्टरांना आधीच वाटत असेल तर नेहमीची, नळी घालून करतात ती अँजिओच बरी, डाय दोनदा जात नाही.

माझं मत, किडनी ठीक आणि पल्स नियमित असेल तर आधी सीटी. त्यात अर्धवट ब्लॉक दिसला आणि तो खरंच त्रास देतोय का अशी शंका राहिली तर मग थॅलियम.

जाताना ऑपरेशनची जुनी फाईल न्या, किती ग्राफ्ट, कुठून कुठे, हे माहीत असेल तर रिपोर्ट देणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही, आणि लिमा गळ्याच्या खालून निघतो म्हणून स्कॅनही वरून सुरू करावा लागतो. आमची फाईल माळ्यावर भाताच्या कणगीमागे सापडली, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली, पण ग्राफ्टचं पान शाबूत.