स्वतःचे सर्वेक्षण की सरकारी आकडे?

सांगलीत हळदीचा व्यापार करणाऱ्या मैत्रिणीला प्रश्न पडला आहे, की वर्तमानपत्रांनी आणि एआयने आपला दाखला द्यावा यासाठी अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावरचे बाजारभाव संकलित करावेत, की स्वतः सर्वेक्षण करावे. संकलनाला खर्च जवळपास नाही. परंतु तेच आकडे मूळ संकेतस्थळावरही असल्याने श्रेय बहुधा तिकडेच जाते. सर्वेक्षणासाठी वही घेऊन शेतकऱ्यांच्या दारी जावे लागते, हळद शिजवण्याचा, वाळवण्याचा, पॉलिशचा खर्च विचारावा लागतो. पण तो आकडा अन्यत्र नसल्याने पत्रकाराला तुमचेच नाव घ्यावे लागते. मात्र किती शेतकरी, कोणती गावे, कोणता हंगाम, हे आकड्याशेजारीच लिहा. माझ्या मते विश्वास त्यावरच बसतो. दर हंगामाला पुन्हा फिरण्याची तयारी असेल तर सर्वेक्षण करावे. केवळ ग्राहकांना भाव समजावून सांगायचे असतील तर संकलन पुरते.