पाऱ्याच्या डोंगरावर कुत्रीसोबत : अल्माडेन क्विकसिल्व्हर काउंटी पार्क

कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराच्या दक्षिणेला असलेल्या, सांता क्लारा काउंटीच्या या सुमारे ४,००० एकरांच्या उद्यानात आम्ही आमच्या लॅब्रॅडॉर कुत्रीला घेऊन वारंवार जातो, कारण येथील पायवाटांवर कुत्र्यांना मुभा आहे. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात, ही गोष्ट गृहीत धरता येत नाही. कुपर्टिनोजवळच्या रँचो सॅन अँटोनिओ या उद्यानाच्या पायवाटांवर कुत्र्यांना मनाई आहे. येथे पट्टा मात्र सहा फुटांहून लांब चालत नाही. वळणावर अचानक घोडेस्वार समोर येतात, तेव्हा या नियमाचे मोल कळते.

हासिएंडा प्रवेशद्वारापासून माइन हिलची वाट धरली, की इंग्लिश कॅम्प या खाणकामगारांच्या ओसाड वस्तीपर्यंतचा चढ माणसाला दमवतो, कुत्रीला नाही. हा डोंगर हिंगुळाचा. त्यातून पारा निघतो हे १८४५ मध्ये ओळखले गेले, स्पेनमधील अल्मादेनच्या प्रसिद्ध खाणीवरून येथल्या गावाला न्यू अल्माडेन हे नाव मिळाले, आणि कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर ते खनिजातून वेगळे करण्यासाठी येथलाच पारा वापरला गेला. त्याची किंमत पाणी अजून मोजते आहे : जलाशयांतील माशांत पारा असल्यामुळे ते खाऊ नयेत, असा इशारा आहे. त्यामुळे पाणी दिसताच झेपावणाऱ्या आमच्या कुत्रीला मी काठापासून दूरच ठेवते आणि प्यायचे पाणी घरून नेते.

ऋतूची निवड मी सर्वांत महत्त्वाची मानते. जानेवारी ते एप्रिल हा काळ उत्तम, तेव्हा टेकड्या हिरव्या असतात. मे उजाडला की गवत वाळते, आणि त्याची काटेरी कुसळे, ज्यांना येथे फॉक्सटेल म्हणतात, कुत्र्याच्या कानात वा पंजाच्या बेचक्यात शिरून आत आत सरकत जातात. एकदा आमच्या कुत्रीच्या कानातले कुसळ पशुवैद्यांना भूल देऊन काढावे लागले. त्या खर्चात चांगला सदरा-लेंगा नव्हे, लग्नातला शालू आला असता. उन्हाळ्यात रॅटलस्नेक या विषारी सापाचीही धास्ती असते. पॉयझन ओक हे अंगाला खाज आणणारे झुडूप आणि गोचिडी यांची काळजी मात्र बारमाही घ्यावी लागते.

खाणीच्या व्यवस्थापकासाठी १८५४ मध्ये बांधलेल्या कासा ग्रांदेत आता संग्रहालय आहे. ते पाहायचे असल्यास सोबत आणखी कोणीतरी असावे. आम्ही पतिपत्नी आळीपाळीने आत जातो आणि दुसरा बाहेर सावलीत कुत्रीचा पट्टा धरून बसतो.