टेस्टच्या सेटिंग्ज कुठे ठेवायच्या: एन्व्ह फाइल की कॉन्फिग फाइल?

रत्नागिरीजवळच्या एका बागायतदारांसाठी आम्ही हापूसच्या बुकिंगची साइट केली. एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला, "दहा पेट्या भरून ठेवल्यात, पण गिऱ्हाईक फोन उचलत नाही." ती ऑर्डर आमच्या टेस्टने, म्हणजे साइट आपोआप वापरून तपासणाऱ्या प्रोग्रामने टाकली होती. कुणीतरी चालू साइटचा पत्ता थेट टेस्टमध्ये लिहून ठेवला होता. तयार झालेला आंबा कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशी त्यांच्यापुढे उभं राहताना फार वाईट वाटलं. त्यामुळे पत्ता-पासवर्ड टेस्टमध्येच लिहिणं, हा पर्याय मी विचारातच घेत नाही. उरतात दोन: एन्व्ह फाइल, म्हणजे कोडबाहेर प्रत्येक मशीनवर वेगळी ठेवलेली सेटिंग्जची यादी, आणि कॉन्फिग फाइल, म्हणजे कोडसोबतच राहणारी सेटिंग्जची फाइल.

एन्व्ह फाइलचं मोठं बळ म्हणजे कोडला हात न लावता तीच टेस्ट लॅपटॉपवर, स्टेजिंगवर (चाचणीसाठीच्या साइटवर) आणि गिटहब अ‍ॅक्शन्सवर (गिटहबच्या मशीनवर आपोआप) चालते. फाइल गिटइग्नोअरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाकली की पासवर्ड रेपोत, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये जात नाही. गिटहबवर तो सीक्रेट्स या गुप्त कप्प्यात ठेवायचा. पण इथली प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असते. 'एसएमएस पाठवायचा का' याच्यापुढे आम्ही 'फॉल्स' लिहिलं, तरी एसएमएस गेलेच. जावास्क्रिप्टच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरीच! तुलना स्पष्ट लिहावी लागते. शिवाय टर्मिनलमध्ये आधीच एखादी व्हॅल्यू दिलेली असेल, तर डॉटएन्व्ह (एन्व्ह फाइल वाचणारी लायब्ररी) ती बदलत नाही. फाइल दहादा सुधारली तरी टेस्ट जुन्याच पत्त्यावर जाते.

कॉन्फिग फाइल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असते, त्यामुळे कोणी काय बदललं ते रिव्ह्यूत दिसतं. प्लेराइट या ब्राउझर चालवून टेस्ट करणाऱ्या साधनात बेसयूआरएल, म्हणजे साइटचा मूळ पत्ता, एकदा दिला की टेस्टमध्ये फक्त पुढचा मार्ग लिहायचा. ब्राउझरचा टाइमझोनही इथेच देता येतो, आणि तो द्याच. गिटहबच्या मशीनचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर चालतं. आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच तिथे आदलीच तारीख असते. 'उद्याची डिलिव्हरी' तपासणारी आमची टेस्ट फक्त रात्रीच का पडते, हे कळायला दोन दिवस गेले.

सेटिंग्ज वेगळ्या जेसन किंवा यॅमल (माहिती लिहायचे दोन साचे) फाइलमध्ये काढायचा मोह होतो. जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही. यॅमलमध्ये डिलिव्हरीची वेळ १०:३० अशी अवतरणाशिवाय लिहिली, तर पायथॉनची पायवायएएमएल ही लायब्ररी ती ६३० वाचते. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट अशा दोन्ही टेस्टना एकच फाइल हवी असेल, तरच या वाटेला जा.

दोन-चार जणांच्या टीमने प्लेराइटची कॉन्फिग फाइल हेच घर मानावं आणि एन्व्हमधून तीनच गोष्टी घ्याव्यात: पत्ता, पासवर्ड, टाइमआउट (टेस्टला द्यायची कमाल वेळ). पत्ता दिलाच नाही तर लोकलहोस्ट, म्हणजे आपल्याच मशीनवरची साइट, धरावा, चालू साइट कधीच नाही. आणि पत्ता लोकल किंवा स्टेजिंगचा नसेल, तर कॉन्फिगनेच एरर देऊन थांबावं. या चार ओळी पहिल्याच दिवशी लिहा. प्लेराइटऐवजी सायप्रेस हे तसंच साधन वापरत असाल तरी विभागणी हीच. तिथे एन्व्हमधलं सायप्रेस_बेस_यूआरएल हे व्हेरिएबल कॉन्फिगमधल्या पत्त्यावर मात करतं.

टाइमआउट एन्व्हमध्ये का, ते पावसाळ्यात कळतं. प्लेराइट एका टेस्टला ३० सेकंद देतं. गुहागरहून काम करणारी आमची सहकारी जुलैत, नेट रडतखडत चालत असताना, आपल्या एन्व्हमध्ये ९० लिहिते. बाकीच्यांचे ३० तसेच राहतात.