कोंबड्यांखाली काय टाकायचं: लाकडाचा भुसा की भाताचं तूस?

घरामागं १५ गावरान कोंबड्या आहेत, खुराड्यात खाली टाकायला आधी वखारीतून लाकडाचा भुसा आणला होता, स्वस्त मिळाला म्हणून खुश होतो पण भो तो एकदम पीठासारखा बारीक निघाला, त्यात गोणी अर्धी ओली. दोन दिवसात कोंबड्या शिंकायला लागल्या आणि सकाळी दार उघडलं की अमोनियाचा असा भपका की माझेच डोळे चुरचुरायचे. त्या वखारीला २ स्टार, ते पण गोणी फुकट दिली म्हणून.

मग नवापूरकडून येणारं भाताचं तूस घेतलं. हे भारी आहे, कोरडं, हलकं, हवा खेळते. साधारण ३ इंच थर टाकला, एक दिवसाआड पंजाने वरखाली करतो. मुठीत दाबून बघायचं, लाडू झाला तर ओलं आहे, सुटून पडलं तर ठीक. पाण्याच्या भांड्याखालचं मात्र रोज काढावंच लागतं, ओल राहिली की कॉक्सीडिओसिस, म्हणजे रक्ताची हगवण लागते.

शेंगांची टरफलं पण चालतात पण बुरशी बघून घ्या. केळीची पानं खुराड्यात टाकू नका, आमच्याकडे ढिगानं पडलेली असतात म्हणून मी टाकली होती, पावसाळ्यात नुसता चिखल. बाहेर अंगणात मुरूम बरा, पाणी निचरून जातं. आपल्या उन्हाळ्यात थर थोडा पातळ करतो, जाड थर गरम होतो.

तुसाला ४.५ स्टार, अर्धा कापला कारण वारा सुटला की घरात पण तूसच तूस, आई रोज बोलते.